"कोल्हापूरकरांना विकासच नको" म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीपुरीतले पत्रे बघून यावेत

बाइंडिंगवाला
परवा इथं एकानं लिहिलं, "जुन्या बाजारातल्या रखडलेल्या इमारतींवर रडणारे तेच, ज्यांनी टोलला विरोध केला. कोल्हापूरकरांना विकासच नको. बिल्डरला शांतपणे काम करू द्या." दोन दिवस गप्प बसलो. आज लिहितोय.

लक्ष्मीपुरीत आमचं वहीखात्यांच्या बाइंडिंगचं दुकान होतं. ११० चौरस फूट, आजोबांपासूनचं. २०१७ च्या दिवाळीनंतर आम्ही अकरा भाडेकरूंनी जागा सोडली. कुणी दमदाटी केली म्हणून नाही. आम्हालाच नवी इमारत हवी होती. छत गळायचं, जिना हलायचा, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दोनदा दारावर चिकटली होती. बिल्डरनं तीस महिने लिहून दिले आणि तोवर दरमहा पर्यायी जागेचं भाडं. भाडं चौदा महिने आलं. मग फोन उचलायचं बंद झालं. तीस महिने २०२० मध्येच संपले.

आज त्या जागेभोवती पत्रे मारलेत. आत खड्डा, खड्ड्यात पाणी, कडेनं गाजरगवत. पत्र्यावर लावलेलं नव्या इमारतीचं चित्र उन्हानं पांढरं पडलंय.

वडील ७४ वर्षांचे. कटिंग मशीन घरी परड्यात प्लास्टिकखाली झाकून ठेवलंय. ते अजून रोज सकाळी त्याच गल्लीत चहाला जातात, कारण जुनी गिऱ्हाइकं तिथंच भेटतात. इमारत पाडायला पंधरा दिवस लागले होते. पाडणाऱ्यानं इतक्या वर्षांत एकदा समोर बसून काम का थांबलंय ते सांगितलं नाही. उशीर मी समजू शकतो. तोंड लपवणं नाही.

सिव्हिल_राजारामपुरी
ती पोस्ट माझी होती आणि मी एक शब्द मागे घेत नाही. तुम्ही २०१७ ला जागा सोडली. पुढं काय काय झालं ते बघा. २०१९ चा महापूर, मग करोना, २०२१ ला परत पूर. मधे डिसेंबर २०२० मध्ये राज्याची नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि कित्येकांनी नकाशे परत काढले. बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरानं सुद्धा करोनात प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले होते, म्हणजे उशीर खरा होता.

मी शाहूपुरीत एका साइटवर होतो. एक भाडेकरू, एकच, जादा पन्नास फुटासाठी तीन वर्षं अडून बसला. बँकेचं व्याज चालूच. शेवटी बिल्डरनं स्वतःचा प्लॉट विकला आणि माझा नऊ महिन्यांचा पगार बुडाला. त्याबद्दल कुणी धागा काढला नाही.

पेठेतला_गडी
टोलचं नाव कशाला काढालाय मधेच? बीओटीचे रस्ते केले, म्हणजे कंपनीनं बांधायचे आणि टोलमधून पैसे काढायचे, विजेचे खांब रस्त्यात तसेच, कामं अर्धवट, आणि वर शहरात शिरायला पैसे मागितले. एन. डी. पाटील सर ऐंशी पार केलेले, तरी उन्हात रस्त्यावर बसले. कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णा होते. सगळं शहर उतरलं तवा २०१५ ला टोल गेला. त्याला विकासाला विरोध म्हणतासा? खाजगी माणसाला शहर दिलं की आधी करार वाचायचा, एवढं आम्ही तिथं शिकलो. बाइंडिंगवाले दादांचं पण तेच झालंय.

सिव्हिल_राजारामपुरी
आणि टोल गेल्यावर कंत्राटदाराचे पैसे कुणी भरले? सरकारनं. म्हणजे तुम्ही आणि मीच.

जुना_वाडा
मी घरमालक आहे. याच इमारतीचा नाही, पण दोन गल्ल्या सोडून माझा वाडा आहे. बाइंडिंगवाले, तुमच्या दुकानाचं भाडं किती होतं तेही लिहा. इथं सगळ्यांना भाडेकरूचे अश्रू दिसतात. माझ्या वाड्यात सहा कुळं होती, सगळ्यांचं मिळून महिन्याला पाचशे रुपये येत नव्हते आणि घरफाळा त्याहून जास्त भरत होतो. छत दुरुस्त करा म्हणून नोटीस मला. पैसे कुठून आणू? वाडे मालकांनी पाडले नाहीत, भाडे नियंत्रण कायद्यानं पाडले.

बाइंडिंगवाला
८५ रुपये होतं. लपवत नाही. वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा कायद्यानं दिली होती, तुमच्यासारख्या किती मालकांनी ती वाढ मागितली?

जुना_वाडा
८५ चे चार टक्के म्हणजे ३ रुपये ४० पैसे. त्यासाठी पावती पुस्तक छापायचं का?

बाइंडिंगवाला
बरोबर आहे. भाडं हास्यास्पद होतं, हे मान्य. पण आजोबांनी त्या जागेला पागडी दिली होती, तेव्हाच्या काळात घर झालं असतं एवढी. ती आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

काळा_कोट
माझा व्यवसायच हा आहे, म्हणून थोडं लिहिते. भाडेकरू मंडळी रेराकडे धावतात, पण तो कायदा मुख्यतः विकत घेणाऱ्यांसाठी. जुन्या भाडेकरूला तिथं दाद मिळणं अवघड जातं, कारण तो ग्राहकच नाही असा बचाव विकासक घेतात. त्या इमारतीत नवे गाळे किंवा फ्लॅट कुणी बुक केले असतील तर त्यांना गाठा. ताबा वेळेत नाही तर कलम १८ खाली त्यांना व्याजासह पैसे परत किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येतं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, ते कुठं आहेत हेही विचारता येतं.

मात्र आधी प्रकल्पाची नोंदणी तपासा. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा एकूण गाळे आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणी लागत नाही. पेठांमधले बरेच प्लॉट एवढेच असतात. मोठ्या शहरांसाठी केलेल्या कायद्यातून आपला जुना बाजार इथं निसटतो.

महाद्वार_रोड
सगळे करारावर बोलताय, पार्किंगवर कोण बोलणार? इमारत झाली तरी काय होणार आहे? नकाशात तळघर पार्किंग दाखवायचं, पूर्णत्वाचा दाखला मिळाला की तिथं शटर लावून दुकानं काढायची. आमच्या शेजारी हेच झालं. शनिवार-रविवारी अंबाबाईला आलेल्या गाड्या माझ्या दारात. परवा आईला दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षा गल्लीत येईना. खुर्चीवर बसवून चौकापर्यंत नेलं.

सिव्हिल_राजारामपुरी
जयंती नाल्याच्या पट्ट्यात तळघर काढणंच चूक. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी ४३. व्हीनस कॉर्नरला पाणी होतं. पंप लावून तळघर कोरडं राहत नाही.

उपनगर_पाचगाव
पार्किंगचं मूळ हद्दवाढीत आहे. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर, ती वाढवूच दिली नाही. मग सगळं मधल्या दोन-तीन पेठांत कोंबलं जातंय. बाजार बाहेर जाऊ द्या, पेठा मोकळ्या होतील.

पेठेतला_गडी
तुमच्याच गावांनी विरोध केला की हो हद्दवाढीला! केएमटीची बस आमची पायजे, दवाखाने आमचे पायजेत, घरफाळा तेवढा नको.

उपनगर_पाचगाव
तोंड सांभाळून. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. शहरात घेऊन तुम्ही पाणी देणार होता? आहे त्या उपनगरांना धड ड्रेनेज नाही. आमची गायरानं गेली असती आणि बदल्यात पाटी मिळाली असती, "कोल्हापूर महानगरपालिका आपले स्वागत करते".

पेठेतला_गडी
मग मूळ हद्दवाढीत हाय असं कशाला म्हणता? एक तर या न्हाईतर बोलू नका.

उपनगर_पाचगाव
आधी सोयी लेखी द्या, मग येतो. बाइंडिंगवाल्यांनी लेखी घेतलं तरी हे हाल, आमचं तर तोंडी होतं.

महाद्वार_रोड
हद्दवाढीनं माझ्या दारातली गाडी हलणार आहे का? महापालिकेनं एका तळघराचं शटर तोडून दाखवावं. नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली, पुढं वर्षानुवर्षं प्रशासक. तक्रार घेऊन जायला नगरसेवक सुद्धा नव्हता.

बाइंडिंगवाला
हद्दवाढीचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. @काळा_कोट, तुमचं वाचून काल दुय्यम निबंधकांकडून करारनाम्याची नक्कल काढली. भाड्याचं कलम आहे, रक्कमही आहे. पण ते थांबलं तर काय, याबद्दल एक ओळ नाही. बँक गॅरंटी नाही. अकरा जणांपैकी कुणीच पूर्ण वाचलं नव्हतं. सही करताना मी स्वतः वडिलांच्या शेजारी बसलो होतो.

काळा_कोट
गॅरंटी बहुतेकांच्या करारात नसते, स्वतःला दोष देऊ नका. तीस महिन्यांची मुदत लिहिलेली आहे ना? मग ती मोडलीय. अकरा जणांनी एकत्र नोटीस काढा, एकेकट्यानं नको. मालकालाही बरोबर घ्या, मालकी हक्काची कागदं त्याच्याकडं असतात.

जुना_वाडा
त्यांचा मालक माझ्या ओळखीचा आहे. त्यालाही दोन वर्षांपासून एक रुपया मिळालेला नाही, हे मला माहीत होतं, वर लिहिलं नव्हतं. प्रॉपर्टी कार्डाचा उतारा तो देईल. पण नोटिशीत भाडेकरू बिचारे आणि मालक लबाड असा सूर असेल तर नाही देणार.

बाइंडिंगवाला
नसेल. मसुदा आधी त्यांना वाचायला देतो.

सिव्हिल_राजारामपुरी
काल संध्याकाळी तिथून गेलो. पत्र्याच्या फटीतून बघितलं. खड्ड्यात कॉलमच्या सळया गंजून लाल झाल्यात, तोडूनच परत घ्याव्या लागतील. हे पुरामुळं किंवा करोनामुळं झालेलं नाही. बरीच वर्षं तिथं माणूसच फिरकलेला नाही. टोलबद्दल माझं मत तेच आहे. पण "शांतपणे काम करू द्या" हे वाक्य या साइटला लागू नाही, कारण तिथं काम नाहीच. त्या बिल्डरचा इंजिनिअर माझ्या बॅचचा आहे. तारीख विचारून सांगतो.

बाइंडिंगवाला
तारीख तोंडी नको. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी आणा. वडिलांना दाखवायची आहे.