गावातली दोन कॅथलिक हायस्कुलं एकत्र करणार म्हणतात, मुलीला तिथंच ठेवू की म्हापशाला घालू?

बार्देसकार_पपा

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचून सांगा.

गोव्यात, बार्देस तालुक्यात आमच्या भागात दोन कॅथलिक हायस्कुलं आहेत, दोन्ही अनुदानित. एक आमच्या गावात, डायोसेसन सोसायटीचं (म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताच्या संस्थेचं), इगर्जीचा म्हणजे चर्चचा विगार (मुख्य) फादर तिथला मॅनेजर. दुसरं खाडीपलीकडच्या गावात, सिस्टर चालवतात. मध्ये पूल ओलांडला की तीन किलोमीटर. मी फादरांच्या शाळेत शिकलो, बायको सिस्टरांच्या, त्यामुळे आमच्या घरात दोन्हीकडच्या गोष्टी चालतात. पूर्वी पुलावर युनिफॉर्म बघूनच पोरं एकमेकांना हाका मारायची, एवढी चढाओढ.

माझ्या वेळी पाचवीला तीन तुकड्या होत्या, अ ब क, आणि क मध्येसुद्धा शेवटच्या बाकावर तिघं तिघं बसायचे. यंदा आमच्याकडे पाचवीला एकच तुकडी आणि त्यात १९ मुलं. पलीकडे २३ आहेत असं कळलं. गेल्या पीटीए मीटिंगला मॅनेजर फादरनी सांगितलं की दोन्ही मॅनेजमेंट बोलत आहेत, पुढे एकच हायस्कूल करायचा विचार आहे, पण काही ठरलेलं नाही. बस्स एवढंच, आणि तेव्हापासून गावात ज्याच्या तोंडाला येईल ते चाललंय, कोण म्हणतो जमीन विकणार, कोण म्हणतो मार्चपासून बंद.

माझी मुलगी आठवीत आहे, तिसरी भाषा मराठी घेतलीय, वर्गात मराठीवाली सातच जणं, बाकी सगळी कोकणी. मुलगा चौथीत, पुढच्या वर्षी पाचवीला जाणार. मुलीला आत्ताच म्हापशाला हलवू का? एकत्र झाल्यावर तिचं मराठी राहील का? आणि मुलाला कुठं घालू? आम्ही हिंदू, पण मला ही शाळा माझीच वाटते, तिथल्या फादरांनी मला फी नसताना पुस्तकं दिली होती, म्हणून असं मध्येच सोडून जायला मन होत नाही.

डुलेर_लेफ्टविंग

मी पलीकडच्या शाळेचा. (आमच्याकडे तेव्हाही मुलगे घ्यायचे, दहावीपर्यंत.) सुब्रोतो कप फुटबॉलची तालुक्याची मॅच म्हापशाच्या डुलेर मैदानावर तुमच्या शाळेविरुद्ध खेळलोय, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी गेली ती अजून झोपेत दिसते. आमच्या पीटी सरांनी त्या दिवशी आम्हाला ओरडलं नाही, बसमधून उतरून सगळ्यांना सोडा पाजला.

एकत्र करायला माझा विरोध आहे. शाळा म्हणजे नुसती इमारत नाही, दोन गावांची दोन फेस्तं (चर्चचे सण) आहेत तशा दोन शाळा. एकदा नाव गेलं की पुढच्या पिढीला कळणार पण नाही की इथं काय होतं. पण एक खरं सांगतो, मी माझी दोन्ही मुलं म्हापशाच्या मोठ्या शाळेत घातली, पहाटे फॉर्मच्या लायनीत उभा राहून. माझ्यासारख्या चाळीस जणांनी तेच केलं म्हणून आज १९ आणि २३ आलेत. ह्याचं मला वाईट वाटतं आणि ते बोलून दाखवायला लाज वाटत नाही.

पर्वरी_आई

सरळ म्हापशाला घाला. जिथं अकरावी बारावी त्याच कॅम्पसमध्ये आहे तिथं घाला, नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नववी ते बारावी एकच टप्पा धरलाय, दहावीपर्यंतच असलेल्या छोट्या हायस्कुलांचं पुढं कठीण आहे. आम्ही सहावीतच हलवलं, आता सुखी आहोत.

मराठी_टीचर_निवृत्त

बार्देसकार, मी ३१ वर्षं एका कॅथलिक हायस्कुलात मराठी शिकवलं, आता घरी आहे, म्हणून सावकाश लिहिते.

आधी हे समजून घ्या की गोव्यातली ही शाळा फीवर चालत नाही. शिक्षकांचा पगार सरकार अनुदानातून देतं आणि ते तुकड्यांवर अवलंबून असतं. तुकडी गेली की तासिका गेल्या, तासिका गेल्या की शिक्षक अतिरिक्त ठरतो. तीन तुकड्यांची एक झाली की सायन्स गणिताचा माणूस कसाबसा टिकतो, पण मराठी, ड्रॉइंग, पीटी ह्यांचं पहिलं जातं. अतिरिक्त ठरलेल्याला दुसऱ्या अनुदानित शाळेत सामावून घेतात, म्हणजे नोकरी जात नाही, पण बार्देसातली बाई गोव्याच्या दुसऱ्या टोकाच्या काणकोणच्या बसमध्ये बसते आणि तुमच्या मुलीला मार्चच्या तोंडावर नवीन टीचर मिळते. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून एकत्र होण्यात मराठीवाल्यांचा फायदाही असू शकतो. तुमच्याकडे सात, पलीकडे समजा पाच सहा. दोन्हीकडे वेगळी राहिली तर दोन्हीकडचं मराठी मरेल. एका वर्गात बारा तेरा बसली तर एक पूर्ण शिक्षक मागता येतो. हे तुम्ही पालकांनी आत्ताच लेखी मागायचं, नंतर नाही.

मुलं कमी का झाली ह्याचा सगळा दोष मॅनेजमेंटवर टाकू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा जननदर बाईमागे १.३ आलाय, लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. मुलंच जन्माला येत नाहीत तर पाचवीत कुठून येणार? सरकारी मराठी प्राथमिक शाळा ह्याच कारणानं आधी रिकाम्या झाल्या, तेव्हा आपल्यातले कितीतरी लोक गप्प बसले.

दुसरं, हायस्कूल पाचवीपासून सुरू होतं, पण मूल ठरतं केजीत. १९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिकचं अनुदान प्रादेशिक भाषेच्या शाळांनाच ठेवलं, तेव्हा चर्चच्या बहुतेक प्राथमिक शाळा कोकणीत गेल्या. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारनं इंग्रजीलाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि त्या परत इंग्रजीत आल्या. त्यावरून केवढी आंदोलनं झाली सगळ्यांना आठवत असेल. माझं मत तेव्हाही मराठीच्या बाजूचं होतं आणि आजही आहे, पण ज्या हायस्कुलाच्या आवारात प्राथमिक आणि केजी आहे तिथं मूल तीन वर्षांचं असताना येतं आणि दहावीलाच बाहेर पडतं हे खरं. ज्याच्याकडे केजी नाही ते पाचवीला दारात उभं राहून वाट बघतं. तुमच्या दोघांपैकी केजी कुणाकडे आहे ते बघा, एकत्र शाळा बहुतेक तिथंच जाईल.

मुलीला हलवू नका. पर्वरीच्या बाईंनी सहावीत हलवलं ते ठीक, आठवीनंतर नको. नववी दहावी ज्या टीचरनी तिला ओळखलंय त्यांच्याकडेच होऊ दे.

हळदोण्याची_मावशी

मी किरिस्तांव, शिक्षण इंग्रजीत, मराठी वाचून वाचून शिकले, चुका असतील तर सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं सगळं चर्चचं म्हणजे एकच मालक, बिशपनी सही केली की झालं. तसं नाही हो. डायोसेसन सोसायटी वेगळी, सिस्टरांचं काँग्रिगेशन म्हणजे त्यांचा संघ वेगळा, त्यांची मोठी सुपिरियर कुठं दुसऱ्या राज्यात असते आणि तिला विचारल्याशिवाय इथली सिस्टर खुर्चीपण विकू शकत नाही. शाळेखालची जमीन पण कधी फाब्रिकेची (चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाची) असते, कधी कोमुनिदादची (गावकरी संस्थेची). शाळा बंद करायची तर शिक्षण खात्याची परवानगी लागते. त्यामुळे मार्चपासून बंद ही बातमी सोडून द्या, एवढ्या लवकर काहीच होत नाही.

आणि मुलं कुठं गेली विचारता? माझ्या वाड्यावर या, संध्याकाळी चालत जाऊ. पहिलं घर बंद, ते इंग्लंडात स्विंडनला. दुसऱ्यात म्हातारी एकटी. तिसरं बंद, चौथ्यात भाडेकरू. १९६१ च्या आधी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं, माझ्या भावानं ते केलं आणि चौघं गेले, दोन मुलं म्हणजे शाळेच्या दोन सीट. असं प्रत्येक वाड्यावर. २०११ च्या जनगणनेत आम्ही गोव्यात २५ टक्के होतो, आता आमच्या शाळेच्या सकाळच्या प्रेयरला उभी असलेली अर्धीअधिक मुलं हिंदू, मुसलमान आणि बाहेरून कामाला आलेल्यांची आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे, तीच शाळा जिवंत ठेवतायत. म्हणून मॅनेजमेंटनी मीटिंग फक्त रविवारच्या मीसानंतर (प्रार्थनेनंतर) इगर्जीच्या हॉलमध्ये घेतली तर ते चुकीचं आहे, बार्देसकारसारख्या पालकांना शाळेत वेगळं बोलवायला पाहिजे, हे मी आमच्या फादरला तोंडावर सांगितलंय.

जर्सीसिटी_मूळफोंडा

हा धागा बघून राहवलं नाही. मी अकरा वर्षं इथं न्यू जर्सीत आहे आणि हेच नाटक इथं मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅथलिक शाळांत ५० लाखांच्या वर मुलं होती, आता १७ लाखांच्या आसपास. कारण थोडं वेगळं आहे. तेव्हा शिकवायला सिस्टर होत्या, जवळजवळ फुकट, आता बहुतेक सगळे पगारी शिक्षक, आणि इथं आपल्यासारखं सरकार पगार देत नाही, सगळं फीवर येतं, फी वाढली की मुलं कमी, मुलं कमी की परत फी वाढते.

आमच्या शहरात सेंट अँथनी हायस्कूल होतं, बास्केटबॉलमध्ये अख्ख्या देशात नाव, कोच बॉब हर्ली तर हॉल ऑफ फेममध्ये. तरी २०१७ मध्ये बंद झालं. डुलेरवाल्या भावाला म्हणून सांगतो, कपाटभर ट्रॉफ्यांनी शाळा वाचत नाही, पटावर मुलं लागतात. फिलाडेल्फियात २०१० मध्ये एकाच वेळी दोन हायस्कुलं बंद केली, त्यातलं कार्डिनल डोहर्टी एके काळी जगातलं सगळ्यात मोठं कॅथलिक हायस्कूल समजलं जायचं.

शेजारच्या एका कुटुंबाची शाळा अशीच दुसऱ्या शाळेत मिसळली. तो माणूस मला सांगत होता की वाईट बंद होण्याचं वाटलं नाही, वाईट ह्याचं की जून जवळ आल्यावर कळवलं आणि मुलांना समोरच्या शाळेच्या रंगाचा शर्ट घालून पहिल्या दिवशी पाहुण्यासारखं आत जावं लागलं. तुमच्याकडे वेळ आहे. दोन्हीकडची मुलं आधी एकत्र खेळू दे, एकत्र स्नेहसंमेलन होऊ दे, एक वर्ष तरी. नाव आणि रंग दोघांचेही जुने नकोत, नवीन घ्या, नाहीतर कायम एक घरचा आणि एक उपरा.

डुलेर_लेफ्टविंग

नवीन नाव मला पटत नाही, पण दोन्ही शाळांची मिळून एक फुटबॉल टीम अंडर १४ ला यंदाच काढली तर मी कोचिंगला येतो, पैसे नकोत. संध्याकाळी पाचला मोकळा असतो.

बार्देसकार_पपा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मीटिंग झाली, ह्यावेळी शाळेत, आणि आमच्यासारख्या पालकांनाही चिठ्ठी आली होती. बायको पण आली, तिच्या जुन्या हेडमिस्ट्रेस सिस्टर पलीकडून आल्या होत्या, दोघी बराच वेळ हात धरून बोलत होत्या.

कळलं ते असं. एकत्र करायचं झालंच तर पाचवीपासून, एक एक वर्ग वर सरकत. आता जी सातवीच्या पुढे आहेत ती दहावीपर्यंत आपापल्याच शाळेत राहणार. केजी सिस्टरांकडे आहे म्हणून पाचवी तिकडे. म्हणजे मुलगी सुटली, मुलगा पूल ओलांडणार. मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल, तो म्हणाला तिकडचं ग्राउंड मोठं आहे.

पण दोन गोष्टींवर धड उत्तर नाही. बालरथ, म्हणजे शाळेची बस. आमच्याकडची बस वरच्या वाड्यांतून मुलं आणते, पुलावरून पलीकडे जाणार का, किती वाजता, कोणाला माहीत नाही, आणि ज्यांच्या घरी स्कूटर नाही अशी बांधकामावरच्या लोकांची मुलं तिथूनच येतात, बस नसली तर ती पाचवीत गळतील हे मला स्पष्ट दिसतंय. मी हे उभं राहून बोललो, आवाज कापत होता. दुसरं मराठी. फादर म्हणाले बघू. बघू म्हणजे काय ते टीचरनी वर लिहिलंच आहे.

तर आम्ही दोन्हीकडच्या मराठी घेतलेल्या मुलांचे पालक मिळून अर्ज करतोय, मॅनेजर फादर, सिस्टर आणि पर्वरीला शिक्षण संचालक, तिघांना. कुणाकडे मसुदा असेल तर टाका, शुक्रवारी द्यायचाय.

मराठी_टीचर_निवृत्त

मी लिहून देते. प्रत्येक मुलाची इयत्ता आणि तो कुठल्या वाड्यावरून येतो एवढं पाठवा, नावं नकोत. बालरथ आणि मराठी एकाच अर्जात घालू नका, दोन वेगळे करा, नाहीतर एका गोष्टीवर शेरा मारून दुसरी फाईलमध्ये राहते. आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका, शिक्का आणि तारीख दोन्ही बघून घ्या.