कान मागे घेतले म्हणजे कुत्रा खूश की घाबरलेला?

झुबकेशेपूट:
आमच्याकडे दोन भूभू आहेत, राणी म्हणजे जर्मन शेफर्ड, कान कायम ताठ उभे, आणि गोट्या कॉकर स्पॅनियल, त्याचे कान पाण्याच्या भांड्यात बुडतात एवढे लांब. प्रश्न मुख्यतः राणीचा आहे. मी बाहेरून घरी आले की ती कान एकदम मागे घेते आणि शेपूट हलवत पायाशी लोळण घेते, तेव्हा सगळे म्हणतात खूश आहे. पण चार वर्षांचा भाचा येतो, त्याचा कुत्र्यांवर भयंकर जीव, आणि तो गळ्यात हात टाकून तिला मिठी मारतो तेव्हाही ती कान तसेच मागे घेते. नवरा म्हणतो बघ तिलाही आवडतंय, सासूबाई म्हणतात कान पाडलेत म्हणजे चावणार, पोराला उचला आधी. आता कोण बरोबर? नेटवर चार्ट बघितले, उभे कान म्हणजे सावध, मागे म्हणजे भीती वगैरे, पण त्या हिशोबाने ती मलापण घाबरते असं होईल ना. आणि गोट्याचे कान तर कायम लोंबलेलेच, त्याचं नेमकं बघायचं काय?

कानोसा:
माझं मत सासूबाईंना, निदान पोराला उचला एवढ्यापुरतं तरी.
कान मागे जाणं दोन्हीकडे दिसतं म्हणून त्या चार्टांचा फारसा उपयोग होत नाही. कान कुठे आहेत यापेक्षा किती ताणलेत ते बघा. आनंदात मागे गेलेले कान सैल असतात, कपाळ मोकळं, तोंड जरा उघडं, डोळे बारीक झालेले आणि कंबरेपासून सगळं अंग वळवळत असतं. भीतीतले कान डोक्याला चापून बसतात, तोंड गप्पकन मिटतं, ओठांचे कोपरे मागे ओढले जातात आणि मुख्य म्हणजे अंग थिजतं. मिठी मारल्यावर राणी हलत असते की दगड होते? तोंड फिरवते का, समोर खायला काही नसताना ओठ चाटते का, झोप आलेली नसताना जांभई देते का, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो का? यातलं काहीही कानांच्या जोडीला दिसलं तर तिला ते नकोय, आणि पोराचं तोंड नेमकं तिच्या तोंडापाशी असतं हे विसरू नका. बऱ्याच कुत्र्यांना गळ्याभोवती हात आले की निसटता येत नाही, तेच नको असतं, मग माणूस कितीही लाडका असो.
सोपी परीक्षा म्हणजे भाच्याला म्हणावं छातीला किंवा खांद्याला जरा खाजव आणि हात काढून घे, अर्थात कुणी मोठं शेजारी बसलेलं पाहिजे. ती स्वतःहून परत अंग घासायला आली तर चालू ठेवा, उठून गेली तर मागे जायचं नाही.

निमूट:
+१. आणि कधी गुरगुरली तर तिला ओरडू नका, पोराला लांब करा. ओरडून फक्त गुरगुरणं बंद होतं, मग एक दिवस न गुरगुरता चावते.

पुस्तकी_भुंगा:
हा गोंधळ जुना आहे. डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं त्यात कुत्र्याचे कान आहेतच. त्याचं म्हणणं असं की दातांनी भांडणारे प्राणी भांडताना कान मागे दाबतात कारण समोरच्याच्या तोंडात कान सापडू नये, आणि मालकाला बघून लाडात आलेला कुत्राही कान मागे घेतो, पण डोक्याला घट्ट चिकटवत नाही. म्हणजे वर कानोसाने सांगितलेला सैल-घट्टचा फरक त्याच्याही नजरेत आला होता. अलीकडे २०१३ मध्ये कुत्र्यांच्या चेहऱ्यातल्या हालचाली स्नायूंनुसार नोंदवायची पद्धत तयार झाली, त्यात कानांच्या पाच हालचाली आहेत, पुढे येणं, एकमेकांजवळ येणं, चपटे होणं, फिरणं आणि खाली जाणं. आणि त्यात फक्त हालचाल नोंदवतात, ही भीती हा आनंद असं लिहीत नाहीत, जे मला जास्त प्रामाणिक वाटतं.
बाय द वे सासूबाईंच्या नियमात एक भोक आहे. कान टवकारून पुढे, तोंड बंद, अंग ताठ आणि नजर एका जागी खिळलेली, असा कुत्रापण चावू शकतो. तेव्हा कान पाडलेले नाहीत म्हणून बिनधास्त जवळ जाऊ नका.

प्राण्यांचीडॉक्टर:
गोट्याबद्दल. लोंबत्या कानाचं टोक बघू नका, बुड बघा, म्हणजे कान डोक्याला जिथे जोडलाय ती जागा. लक्ष गेलं की ते बुड वर उचलून पुढे येतं, कपाळावर सुरकुती पडते, घाबरला की बुड मागे सरकतं आणि कान मानेला चिकटतो. डोळ्यांनी चटकन पकडता येत नाही, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा मग कळेल. आधी तो निवांत पडलेला असतानाचे दोन-तीन फोटो काढून ठेवा, त्याचे नेहमीचे कान कसे असतात हे माहीत असेल तरच बदल दिसणार.
आणि एक, कान नेहमी मूडच सांगतो असं नाही. एकच कान सारखा खाली, डोकं झटकणं, खाजवणं, वास येणं, मान एका बाजूला कलती ठेवणं, हे कान दुखत असल्याचं लक्षण आहे आणि कॉकरमध्ये हे फार कॉमन. कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, त्यामुळे वरून बघून काही दिसत नाही. तेल घालू नका, कापसाची काडी घालू नका, दाखवून आणा. फार झटकून झटकून पाळ अचानक फुगली तर आत रक्त साचलेलं असू शकतं, तेही लवकर दाखवायचं.

झुबकेशेपूट:
थँक्यू सगळ्यांना!! आज भाचा आला तेव्हा नीट बघितलं, राणी तोंड फिरवत होती आणि सारखी ओठ चाटत होती, नवऱ्याला व्हिडिओ दाखवला तर म्हणतो लाडाने करते. असो, मिठी बंद, भाचा रुसलाय. अजून दोन शंका. चप्पल फाडली की ती कान पाडून कोपऱ्यात बसते, ते अपराधीपणाचंच ना? आणि कधीकधी एक कान पुढे एक मागे असतो ते काय?

कानोसा:
चपलेचं बहुतेक तुमच्या आवाजाला आणि चेहऱ्याला दिलेलं उत्तर आहे. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग केला होता, कुत्र्याने खाऊ खरंच चोरलाय की नाही यावर तो अपराधी चेहरा ठरत नव्हता, मालक रागावला की दिसत होता, आणि काही न करता ओरडा खाल्लेले कुत्रे तर जास्तच अपराधी दिसले. त्यामुळे ओरडून उपयोग नाही, चपला वर ठेवा.
एक कान पुढे एक मागे असेल तर बहुतेक ती दोन आवाज ऐकतेय. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात, आणि आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं तिथे त्यांना ४५ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याला शांत वाटतं तेव्हाही तिकडे काहीतरी चालू असतं. कधीकधी मन द्विधा असतानाही तसं होतं, जवळ जाऊ की नको असं. पावलं बघा, पुढे पडतायत की मागे.

झुबकेशेपूट:
ओके ओके. चपलांसाठी उंच फळी लावायला नवऱ्याला सांगितलंय.