मुलाला केराटोकोनस निघाला: सी३आर आत्ता करावं की बारावीनंतर?

मिरजेचा_पालक
मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्स. केराटोकोनस निघाला, म्हणजे बुबुळ (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतंय. वर्षभरात उजव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर दीडवरून साडेचारवर गेला. नवा चष्मा लावूनही अक्षरांना सावली दिसते, रात्री दिव्यांना शेपट्या फुटतात. पेंटाकॅम (बुबुळाचा बाक आणि जाडी मोजणारा स्कॅन) दोनदा झाला, दोन्ही वेळा एकाच मशीनवर. एप्रिलमध्ये उजवा डोळा: केमॅक्स ५२.१, सर्वात पातळ जागा ४६७ मायक्रॉन. आता ऑक्टोबरमध्ये ५४.२ आणि ४५२. डावा डोळा ४७.६ आणि ४८९, त्यात फरक नाही. डॉक्टर उजव्याचं सी३आर (क्रॉसलिंकिंग, म्हणजे रायबोफ्लेविन या बी२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण यांनी बुबुळ घट्ट करणं) लवकर करा म्हणतात. परीक्षा फेब्रुवारीत आहे. मार्चपर्यंत थांबलं तर चालेल का? आणि त्याने चष्मा जाईल का?

कॉर्निया_ओपीडी
थांबू नका, दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या. कारण तुमच्याच दोन रिपोर्टांत आहे.

केमॅक्स म्हणजे बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागावर जिथे बाक सगळ्यात जास्त आहे तिथला आकडा. वर्षभरात एक डायॉप्टर वाढला तरी आजार पुढे सरकतोय असं सहसा धरतात. इथे सहा महिन्यांत दोन वाढलाय आणि जाडीही कमी झालीय. या वयात आजार वेगाने पळतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वयाच्या ६० मुलांवर केरालिंक नावाची चाचणी झाली. १८ महिन्यांत नुसती देखरेख ठेवलेल्या गटात ४३ टक्के मुलांचा आजार वाढला, क्रॉसलिंकिंग केलेल्या गटात ७ टक्के.

दुसरं कारण जाडीचं. नेहमीच्या पद्धतीत बुबुळावरचा वरचा थर, म्हणजे एपिथेलियम, मधल्या ८-९ मिमी भागात खरवडून काढतात. तो साधारण ५० मायक्रॉनचा असतो, शंकूच्या टोकावर थोडा कमी. तो गेल्यावर खाली किमान ४०० मायक्रॉन उरायला हवेत, नाहीतर अतिनील किरण बुबुळाच्या सगळ्यात आतल्या थरापर्यंत, म्हणजे एंडोथेलियमपर्यंत, पोचून त्या पेशींना इजा करू शकतात, आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ४५२ म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. अजून १५-२० मायक्रॉन गेले तर साधी पद्धत हातची जाईल. मग बुबुळ फुगवणारं पातळ रायबोफ्लेविन वापरणं, वर सॉफ्ट लेन्स ठेवून जाडी वाढवणं, किंवा जाडीप्रमाणे किरणांची वेळ कमी करणं असे मार्ग काढावे लागतात. ते आहेत, पण मुद्दाम तिथवर कशाला जायचं?

शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलवर पुन्हा जाडी मोजतात का, हे विचारून ठेवा. डेक्स्ट्रान असलेल्या रायबोफ्लेविनने अर्ध्या तासात बुबुळ आणखी आकसतं. त्यामुळे किरण सुरू करण्याआधीचं मोजमाप महत्त्वाचं.

मूळ ड्रेस्डेन पद्धत अशी: ०.१ टक्के रायबोफ्लेविनचे थेंब ३० मिनिटं, मग ३६५-३७० नॅनोमीटरचे किरण, ३ मिलीवॅट प्रति चौरस सेंमी या ताकदीने ३० मिनिटं. एकूण ऊर्जा ५.४ ज्यूल. ९ मिलीवॅट, १० मिनिटं ही वेगवान पद्धतही आज सर्रास होते, एकूण ऊर्जा तेवढीच. या मुलाला दोन्हींपैकी कुठलीही चालेल.

चष्म्याचं मात्र स्पष्ट सांगतो: सी३आर नजर सुधारण्यासाठी नाही, आहे तिथे थांबवण्यासाठी आहे. उलट पहिला महिना त्या डोळ्याने थोडं आणखी धूसर दिसतं, केमॅक्सही तात्पुरता वाढलेला येतो. तीन महिन्यांनंतर आकडे उतरायला लागतात. काहींचा एखादा डायॉप्टर कमी होतो, पण त्यावर आशा लावू नका. आणि पुढे कधीही, कुणीही सुचवलं तरी, नंबर घालवायला लेसिक नाही.

अ‍ॅलर्जी_आणि_डोळे
एक प्रश्न कुणी विचारला नाही: मुलगा डोळे चोळतो का? विशेषतः बोटांच्या पेरांनी, गोल गोल, झोपेतून उठल्यावर? उजव्या कुशीवर चेहरा उशीत दाबून झोपतो का? एक डोळा जास्त बिघडलेला असेल तर हे बघायलाच हवं. चोळणं सुरू राहिलं तर सी३आर झाल्यावरही आजार पुढे जाऊ शकतो.

नुसतं ‘चोळू नको’ म्हणून खाज जात नाही. पापण्या उलटवून तपासून घ्या. आत खडबडीत पुरळ असेल तर ती जुनाट अ‍ॅलर्जी. ओलोपॅटाडिनसारखे थेंब, गार पाण्याच्या घड्या आणि प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूथेंब यांवर बहुतेकांचं भागतं. हट्टी अ‍ॅलर्जीला टॅक्रोलिमस मलम किंवा सायक्लोस्पोरिन देतात.

मेडिकलमधून स्वतःहून आणलेले स्टेरॉइडचे थेंब अजिबात नकोत. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून पोरं तीच बाटली महिनोन्महिने घालतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि दुखत काहीच नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. घरात अशी बाटली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मिरजेचा_पालक
चोळतो, खूप. लहानपणापासून. डॉक्टरांनीही विचारलं होतं, मीच लिहायचं राहिलं. आणखी दोन शंका. एका ठिकाणी वरचा थर न काढता, न दुखणारं सी३आर करू म्हणाले. ते घ्यावं का? आणि परीक्षेला त्याला दिसणार कसं?

कॉर्निया_ओपीडी
थर न काढता केलं तर दुखतं कमी आणि जंतुसंसर्गाची भीतीही कमी, हे खरं. पण एपिथेलियम रायबोफ्लेविनला आत शिरू देत नाही, ऑक्सिजनही अडवतं, आणि ही रासायनिक क्रिया ऑक्सिजनवरच चालते. परिणाम सहसा उथळ राहतो. १७ वर्षांच्या, वेगाने वाढणाऱ्या डोळ्याला मी थर काढूनच सुचवेन. दुखणं दोन-तीन दिवसांचं असतं.

त्या दिवसांचं नीट समजून घ्या. शेवटी बँडेज लेन्स बसवतात, ती ३ ते ५ दिवसांनी थर भरून आल्यावर डॉक्टरच काढतात. मध्ये निसटली तर उचलून परत घालू नका, फोन करा. अँटिबायोटिक थेंब वेळेवर. स्टेरॉइड थेंब इथे लागतात, पण लिहून दिलेल्या क्रमाने कमी करत. आठवडाभर डोळ्यात पाणी नको, केस मागे मान टाकून धुवा. सुन्न करणारे थेंब घरी वापरू नका, त्याने जखम भरत नाही आणि बुबुळ विरघळू शकतं. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, चिकट घाण आली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

ऑप्टोम_नागपूर
परीक्षेचं बोलू. डावा डोळा चांगला असेल तर चष्मा लावून त्यावर पेपर निघतो. नोव्हेंबरात उजवा झाला तर पहिला आठवडा अभ्यास बुडेल, फेब्रुवारीपर्यंत डोळा बराचसा शांत होईल. उजव्याची लेन्स घाईने नको. सी३आरनंतर बुबुळाचा आकार काही महिने बदलत असतो, म्हणून मोजमाप साधारण तीन महिन्यांनी, डॉक्टरांच्या परवानगीने.

५४ केमॅक्सला सॉफ्ट टोरिक (सिलिंडर नंबरची मऊ) लेन्स फारशी कामाची नाही, ती शंकूवर तशीच दुमडून बसते आणि वेडावाकडा पृष्ठभाग पुढे तसाच दिसतो. आरजीपी (ऑक्सिजन जाऊ देणारी छोटी कडक लेन्स) किंवा मोठी स्क्लेरल लेन्स कडक असते, तिच्या आणि बुबुळाच्या मधली फट अश्रूंनी किंवा सलाईनने भरते आणि नजर साफ होते. धुळीत फिरणाऱ्या, खाज असणाऱ्या मुलाला मी स्क्लेरल आधी बघेन. ती पांढऱ्या भागावर टेकते, बुबुळाला शिवत नाही, खाली धूळ जात नाही.

घालताना: लेन्स प्रिझर्वेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरायची, चेहरा जमिनीला समांतर, पापण्या धरून सरळ वर चढवायची. आत बुडबुडा दिसला तर काढून पुन्हा भरायची. बुडबुड्यासकट घातली तर तिथे बुबुळ कोरडं पडतं. काढताना रबरी प्लंजर मधोमध लावू नका, लेन्स ओढली जाते पण सुटत नाही. खालच्या कडेला लावा आणि कड बाहेर-वर उचला. नळाचं पाणी लेन्सला कधीही नाही: त्यातल्या अकँथमिबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग झाला तर महिनोन्महिने उपचार चालतात. पेरॉक्साइडमध्ये ठेवत असाल तर तिच्याच डबीत, सांगितलेला पूर्ण वेळ, त्याआधी डोळ्यात घातली तर आग होते. झोपताना लेन्स काढायचीच.

एक गैरसमज फार ऐकू येतो, लेन्सने शंकू दाबला जातो म्हणून. नाही. लेन्स दिसण्यासाठी, थांबवण्यासाठी सी३आर. आणि पुढचा पेंटाकॅम करताना आरजीपी किंवा स्क्लेरल आधी दोन-तीन आठवडे बंद ठेवा, नाहीतर आकडे खोटे येतात.

कॉर्निया_ओपीडी
डाव्या डोळ्याचं राहिलं. ४७.६ म्हणजे तोही अगदी निर्मळ नाही, दर ३-४ महिन्यांनी त्याच मशीनवर पेंटाकॅम करा आणि सगळे छापील रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांचाही एकदा काढून घ्या, चष्मा नसला तरी.

मिरजेचा_पालक
धाकटी बहीण १२ वर्षांची आहे, तिचाही करून घेतो. उजव्या डोळ्याची तारीख आजच घेतो.