प्रा. श्री. अ. दाभोळकर यांचे स्मरण कृषी विद्यार्थ्यांसमोर कसे करावे?

प्रश्नकर्ती : कृषिशिक्षिका_सांगली

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका कृषी पदविका विद्यालयात शिकवते. यंदा प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या कार्यावर एक दिवसाचा कार्यक्रम घ्यावा, असे आमच्या विद्यालयात ठरले आहे. प्रतिमापूजन, दोन भाषणे, अल्पोपाहार आणि आभार अशी रूपरेषा पुढे आली, तेव्हा मी थोडा वेळ मागून घेतला. ज्या माणसाने व्यासपीठ आणि श्रोते अशी विभागणीच बाजूला ठेवून शेतकऱ्यांना एकमेकांचे शिक्षक केले, त्याचे स्मरण विद्यार्थ्यांना तीन तास खुर्चीवर बसवून करणे माझ्या मनाला पटत नाही.

आमची बहुतेक मुले तासगाव, पलूस, खानापूर, जत या तालुक्यांतील आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी द्राक्षबाग आहे, पण दाभोळकरांचे नाव फार थोड्यांनी ऐकले आहे. डॉ. नरेंद्र दाभोळकर सर्वांना ठाऊक आहेत. साताऱ्याच्या त्या दहा भावंडांत थोरले देवदत्त दाभोळकर शिक्षणतज्ज्ञ आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, धाकटे नरेंद्र होते आणि कोल्हापुरात राहून शेतकऱ्यांमध्ये काम करणारे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद हेही त्यांच्यातलेच, हे सांगितल्यावर मुलांना आश्चर्य वाटते.

माझे दोन प्रश्न आहेत. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने नेमके काय करावे, म्हणजे दाभोळकरांची शिकवण्याची रीत त्यांना कळेल? आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त, म्हणजे प्रयोग करून एकमेकांकडून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या समूहात, ‘परिवार’ हा शब्द आहे, तर घरातील बायकामुले त्यात प्रत्यक्ष कितपत होती? ज्यांनी तो काळ पाहिला आहे किंवा ज्यांच्या घरात ती पद्धत आजही चालते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : बागाईतदार_तासगाव

ताई, आपण हा प्रश्न विचारलात याचे मला मनापासून समाधान वाटले. आमच्या घरी द्राक्ष वडिलांनी लावली आणि मी त्यांच्या मागे बागेत फिरतच वाढलो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तासगाव हा पाण्याचा तालुका नाही. अशा भागात थॉमसन सीडलेससारखे बिनबियांच्या द्राक्षाचे नाजूक वाण घेणे म्हणजे धाडसच होते आणि त्या वेळी त्याची हात धरून चालवेल अशी माहितीही आपल्या हवामानापुरती कोणाकडे तयार नव्हती. थंड देशांतील वेल हिवाळ्यात झोपतो आणि वसंतात फुटतो, तर आपला वेल झोपतच नाही. म्हणून आपल्याकडे एप्रिलमध्ये (नव्या काड्या वाढाव्यात म्हणून) खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या घेऊन पीक एकदाच काढतात. परदेशी पुस्तकांतील वेळापत्रक इथे चालत नाही, हे उघडच आहे. दाभोळकर सरांचे मोठेपण असे, की त्यांनी या अडचणीवर स्वतःचे तयार उत्तर आणून दिले नाही. शेतकऱ्यांना एकत्र बसवले, प्रत्येकाच्या बागेला प्रयोगशाळा मानले आणि वेलीला प्रश्न कसा विचारायचा ते शिकवले. गणिताचा माणूस असल्यामुळे मोजणीवर त्यांचा भर असे : पाने किती, काड्या किती, घड किती, पाणी किती दिले, ऊन किती तास मिळाले. अंदाजाने ‘बाग चांगली आहे’ असे म्हणणारा शेतकरी वहीत आकडे लिहू लागला, यातच माझ्या मते अर्धे शिक्षण झाले.

माझ्या वडिलांच्या अशा वह्या आजही घरात आहेत. त्यांत खताच्या हिशेबाशेजारी शेजारच्या गावातील बागेची निरीक्षणे आहेत, कारण शिवारफेरीत प्रत्येकाने दुसऱ्याची बाग पाहून टिपणे करायची आणि चुकलेला प्रयोगही मोकळेपणाने सांगायचा, असा रिवाज होता. ज्याची बाग फसली त्याच्याभोवती त्या दिवशी सर्वांत जास्त माणसे उभी राहत, असे वडील सांगत. आपल्या खेड्यांत प्रतिष्ठेला किती जपले जाते हे आपण जाणता. तेथे हा रिवाज रुजवणे कुठलेही वाण रुजवण्यापेक्षा अवघड होते.

याच तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हे वाण पुढे आणले. तासगाव आणि तासगावचा गणपती, दोघांचे नाव त्यात आहे. एका शेतकऱ्याने स्वतःच्या नजरेने निवडलेले वाण राज्यभर पसरावे, ही गोष्ट या भागात तेव्हा तयार झालेल्या निरीक्षणाच्या सवयीशिवाय मला शक्य वाटत नाही.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. मुलांच्या हातून डोळे तपासणी, म्हणजे वेलीच्या काडीवरील कळ्यांची (डोळ्यांची) तपासणी, करून घ्या. ऑक्टोबरच्या छाटणीआधी प्रत्येक मुलाने घरच्या बागेतून काही पक्व काड्या आणाव्यात. काडीवर तळापासून डोळ्यांना क्रमांक द्यायचे, धारदार ब्लेडने एकेक डोळा अलगद आडवा कापत जायचे आणि भिंगाखाली, शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली, आत घडाची सुरुवात दिसते की नुसतीच बाळी (वेलीचा तणावा), ते पाहायचे. पातळ तपकिरी खपले काढत गेले की आत कापसासारखी लव लागते आणि तिच्या आत हिरवट दाणेदार टोक दिसते. ते पहिल्यांदा दिसते तेव्हा मुलगा गप्प होतो, हे मी पुतण्याच्या बाबतीत पाहिले आहे. कुठल्या डोळ्यावर घड जास्त आहे ते कळले की छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची हे त्याचे त्यालाच ठरवता येते, दुकानदाराला किंवा सल्लागाराला विचारावे लागत नाही.

त्यानंतर मुलांना पुढचा प्रश्न टाकावा. हा घड डोळ्यात कधी तयार झाला? उत्तर असे, की तो एप्रिल छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत ठरून गेलेला असतो आणि त्या काळात ढग राहिले, कॅनॉपी (पानांचा पसारा) दाट झाली किंवा नत्र व पाणी जास्त झाले तर डोळा वांझ राहतो. ज्या मुलाला मे महिन्यातील उन्हाचा आणि पुढच्या मार्चमधील द्राक्षाच्या पेटीचा संबंध स्वतःच्या काडीवर दिसला, त्याला सरांची रीत वेगळी समजावून सांगण्याची गरज राहणार नाही.

उत्तर : दहा_गुंठे_आजरा

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिण्याचा मला अधिकार आहे असे वाटते, कारण आमचे घर गेली कित्येक वर्षे दहा गुंठ्यांच्या विचाराने चालते.

द्राक्षाच्या कामानंतर दाभोळकरांच्या विचाराचा रोख हळूहळू कुटुंबाकडे वळला. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमीन, पाच माणसांचे घर, त्या घराचे स्वतःचे श्रम आणि आभाळातून फुकट मिळणारे ऊन, एवढ्या भांडवलावर ते कुटुंब सन्मानाने जगू शकते का, असे ते गणित होते. झाडाच्या कोरड्या वजनाचा फार मोठा भाग हवा आणि पाणी यांतून येतो, मातीतून येणारा हिस्सा अगदी थोडा असतो, हे विज्ञान शाळेतही शिकवतात. दाभोळकरांनी ते घरच्या ताटापर्यंत आणून पोहोचवले. चौरस फुटाचा हिशेब पानांचा धरायचा, जमिनीवर पडणारे ऊन मोकळ्या मातीवर वाया जाऊ द्यायचे नाही आणि पिकांचे थर असे लावायचे की वर शेवगा, मध्ये केळी-पपई, खाली भाजी, त्याखाली कंद, असे प्रत्येक उंचीवर कोणीतरी ऊन टिपत राहील.

या हिशेबाची सुरुवात बाजारभावापासून होत नाही, घरातल्या माणसांच्या भुकेपासून होते, आणि म्हणून तो हिशेब घरातल्या बाईशिवाय मांडताच येत नाही. आठवड्याला डाळ किती लागते, तेल किती लागते, कोणत्या महिन्यात भाजी विकत आणावी लागते, हे माझ्या सासूबाईंना जितके अचूक ठाऊक होते तितके घरात कोणालाच नव्हते. आमच्या वाफ्यांचा पहिला आराखडा त्यांनी चुलीपुढे बसून, जमिनीवर कोळशाने रेघा ओढून केला. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. द्राक्ष मंडळांच्या जुन्या बैठकांत बायका किती होत्या हे तासगावचे भाऊ सांगू शकतील, मला वाटते फार नसाव्यात. पण दहा गुंठ्यांच्या प्रयोगात बाई ही मदतनीस म्हणून येत नाही, तिच्या शब्दावर पीक ठरते. आमच्या घरात तरी हा बदल लहान नव्हता.

विद्यार्थ्यांच्या हाताला काम हवे असेल तर अमृतजल करून घ्यावे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ घालून ते रोज दोन-तीन वेळा उलटसुलट ढवळायचे. तीन दिवसांनी तयार झालेल्या द्रावणात दहापट पाणी घालून वापरायचे. सुका पालापाचोळा बारीक करून या पाण्यात दिवसभर भिजवायचा आणि मातीचा पातळ थर मध्ये देत साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि फूटभर उंच असा ढीग रचायचा. आठवड्याला तो उलथायचा. पहिल्या उलथणीला ढिगात हात घातला तर ऊब लागते आणि पांढरी बुरशी दिसते. नंतर हळूहळू पानाचा आकार जातो आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येऊ लागतो. पुढे त्याच ढिगावर वेगवेगळ्या चवींची बियाणी पेरून ठराविक दिवसांनी ती कापून पुन्हा त्यातच मिसळतात. एका दिवसाच्या कार्यक्रमात हे पूर्ण होणार नाही, म्हणून तो दिवस फक्त सुरुवातीचा ठेवावा आणि ढीग मुलांच्या स्वाधीन करावा, असे मी सुचवेन.

उत्तर : निवृत्त_विस्तार_अधिकारी

वरील दोन्ही उत्तरे आदराने वाचली. मी कृषी विस्ताराच्या सरकारी सेवेत आयुष्य घालवले आणि प्रा. दाभोळकर यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच दोन बाबी मुलांसमोर झाकून ठेवू नयेत असे वाटते.

पहिली बाब द्राक्षाची. निरीक्षणातून उभी राहिलेली ही शेती पुढे मोठ्या भांडवलाची झाली. मांडव, ठिबक, संजीवके (वाढ नियंत्रित करणारी द्रव्ये), फवारण्या, कलमासाठीचे डॉगरिज खुंट यांचा खर्च वाढत गेला, दुष्काळात टँकरने बागा जगवाव्या लागल्या आणि अनेक घरे कर्जात गेली. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा शेतकऱ्यांनी तो आघात कसा सोसला हे मी जवळून पाहिले आहे. यात दाभोळकरांचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. उलट त्यांनी नंतर दहा गुंठ्यांकडे आणि घरच्या अन्नाकडे लक्ष वळवले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक नीट समजतो. परंतु तासगावची कथा केवळ यशाची म्हणून सांगितली, तर ज्या मुलाच्या घरी बागेचे कर्ज आहे तो मनातून त्या कथेबाहेर जाईल.

दुसरी बाब अमृतजलाची. आजऱ्याच्या ताईंनी कृती अचूक दिली आहे. मात्र अशा कृती आता गावोगाव जवळजवळ श्रद्धेने केल्या जातात, तुलना कोणी करत नाही. विद्यार्थ्यांनी एक वाफा अमृतमातीचा (अमृतजलाच्या त्या ढिगातून तयार झालेल्या मातीचा), एक नेहमीच्या शेणखताचा आणि एक काहीही न घातलेला असे तीन वाफे शेजारी शेजारी ठेवावेत, तिन्हींत एकच बियाणे, एकाच दिवशी, सारख्या अंतरावर टोकावे आणि पाण्याचे मापही सारखे ठेवावे. निकाल काहीही येवो, तो भिंतीवर लावावा. आमच्या सेवेच्या काळात प्रशिक्षण व भेट योजना होती. त्या योजनेत ठरल्या दिवशी ठरल्या शेतकऱ्याकडे जाऊन वरून आलेला संदेश पोहोचवायचा, अशी आमची घडी होती. काम आम्ही प्रामाणिकपणे केले. पण शेतकऱ्याकडून परत येणारा प्रश्न वर नेण्याचा रस्ता त्या घडीत फार अरुंद होता आणि प्रयोग परिवाराने नेमका तो रस्ता रुंद केला, हे मला निवृत्तीनंतर अधिक स्पष्ट दिसते.

उत्तर : बागाईतदार_तासगाव

साहेब, कर्जाविषयी आपण लिहिलेत ते खरे आहे. आमच्या गावातही बागा तुटल्या आहेत. आजऱ्याच्या ताईंनी विचारले म्हणून सांगतो : बैठकांना पुरुषच जात. पण विरळणी, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, दाणे मोजणे ही सारी नजरेची कामे बायकांच्या हातात होती आणि वडिलांच्या वहीतील कित्येक आकडे आईने मोजून दिलेले आहेत. तिचे नाव त्या वहीत कुठेही नाही. हे मुलांना अवश्य सांगावे.

प्रश्नकर्ती : कृषिशिक्षिका_सांगली

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आपल्या उत्तरांची प्रत प्राचार्यांना दाखवली आणि रूपरेषा बदलण्यास त्यांनी संमती दिली.

आता असे ठरले आहे : कार्यक्रम सप्टेंबरमध्ये, फळछाटणीच्या आधी घ्यायचा. सकाळी डोळे तपासणी होईल आणि प्रत्येक विद्यार्थी आपल्या घरच्या बागेची नोंद स्वतः लिहील. दुपारी सुचवल्याप्रमाणे तीन वाफे आखून ढीग रचायचा. पुढील उलथणी आणि नोंदी प्रथम वर्षाच्या मुलामुलींकडे राहतील. विद्यार्थ्यांनी येताना आपल्या आईला किंवा आजीला सोबत आणावे, अशी विनंती पालकांना पाठवत आहे. घराच्या आठवड्याच्या अन्नाचा हिशेब त्यांच्याकडून घेऊन त्यावरून दहा गुंठ्यांचा आराखडा मुले काढतील. बागेच्या कर्जाचा विषय मी स्वतः वर्गात आधी घेणार आहे, म्हणजे त्या दिवशी कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही.

तासगावच्या भाऊंना विनंती, की वडिलांच्या वहीची काही पाने मुलांना पाहता यावीत म्हणून आपण ती वही घेऊन यावे आणि शक्य असल्यास आईंनाही आणावे. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक दोनच आहेत आणि विद्यार्थी बरेच आहेत. परिसरातील कोणाकडे डोळे तपासणीचे भिंग किंवा सूक्ष्मदर्शक एका दिवसासाठी मिळण्यासारखे असेल तर कृपया येथेच कळवावे, ने-आण करण्याची जबाबदारी विद्यालय घेईल.