गावच्या घराला उपग्रहाचं नेट घ्यायचं का?

14 डिसेंबर 2025, रविवार
कुटुंबाचा ग्रुप: ठाणे ते टोकावडे

दादा (ऐरोली): टोकावड्याला काकांकडची केबलवाल्याची नेटची लाइन परत बंद. गेल्या पावसात फांदी पडून वायर तुटली, ती नुसती गाठ मारून जोडली होती. आता त्या गाठीपासूनच गेली आहे. फोन केला की "माणूस पाठवतो" हे एकच उत्तर. मी म्हणतो, उपग्रहाचं नेट घेऊन टाकू. खांब नको, वायर नको. मे महिन्यात मला तिकडून काम करायचंय. इलॉन मस्कच्या कंपनीचं उपग्रहाचं नेट आहे ना, स्टारलिंक, त्याचे दर आलेत, महिना 8,600 आणि उपकरण 34,000. चौघांत वाटून घेऊ.

आत्या (कळवा): माझा वाटा धरा. माहेरच्या घराचं काम आहे, मी मागे राहणार नाही.

मी (वर्तकनगर): दादा, थांब जरा. ते दर खरे नाहीत. याच आठवड्यात ते वेबसाइटवर दिसले आणि लगेच कंपनीनंच खुलासा केला की चाचणीसाठी भरलेले आकडे चुकून दिसले. भारतातले दर अजून जाहीर झालेले नाहीत आणि ऑर्डरही घेत नाहीत. जून 2025 मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, जुलैत इन-स्पेसची, म्हणजे अंतराळातल्या खासगी कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी मिळाली. पण स्पेक्ट्रमचं, म्हणजे नेटला लागणाऱ्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचं, वाटप आणि सुरक्षेच्या तपासण्या अजून व्हायच्यात. नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्य सरकारनं त्यांच्याशी सहकार्याचा जो कागद केला, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांची नावं होती, आपल्या भागाचं नाही.

म्हणून कुणी "आगाऊ नोंदणी" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. 2021 मध्ये परवाना नसताना नोंदणी घेतली होती, तेव्हा सरकारनं हटकलं आणि कंपनीला लोकांचे पैसे परत करावे लागले. आत्या, तू खास लक्षात ठेव, तुला असे मेसेज फार येतात.

छोटू (डोंबिवली): माझा एक मित्र जहाजावर असतो. तो बाहेरून किट आणू शकतो. छतावर लावलं की झालं.

मी: नको रे. आपल्याकडे परवानगीशिवाय असं रेडिओ उपकरण नुसतं जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. कस्टममध्ये अडकलं तर तुझा मित्र गोत्यात येईल. आणि आणलं तरी चालणार नाही. मागच्या वर्षी मणिपूरमध्ये असं एक उपकरण सापडल्याची बातमी आली होती, तेव्हा इलॉन मस्कनं स्वतः सांगितलं होतं की भारतावर त्यांच्या उपग्रहांची सेवा बंद ठेवलेली आहे. हा विषय इथेच सोडू या.

छोटू: बरं. सोडला.

दादा: मग बँकांच्या छपरावर छत्री असते ती? तीही उपग्रहावरच चालते ना?

मी: हो, ती आजही कायदेशीर मिळते. पण तो उपग्रह वेगळा. तो विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एका जागी उभा असल्यासारखा दिसतो. आपण काही पाठवलं की ते घरातून उपग्रहाकडे, तिथून खाली कंपनीच्या केंद्रात, आणि उत्तर परत त्याच वाटेनं. वर-खाली असे चार टप्पे मिळून जवळजवळ 1,44,000 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानं गेलं तरी अर्धा सेकंद लागतो. एटीएमला त्यानं काही बिघडत नाही. तुझ्या मीटिंगमध्ये मात्र तू बोलशील, समोरचा गप्प वाटेल, म्हणून तू पुन्हा बोलशील आणि तेवढ्यात त्याचं उत्तर येईल. दोघं एकमेकांवर आदळत राहाल.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर असतात, म्हणून तिथे उशीर खूप कमी. पण ते एका जागी थांबत नाहीत, दीड तासाच्या आसपास पृथ्वीची फेरी मारतात. तुझ्या छतावरून एक सरकला की छत्रीनं दुसरा पकडायचा, हे सतत चालू. त्यामुळे तिला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. एक फांदी आडवी असली तरी तेवढ्यापुरतं नेट तुटणार.

दादा: मग मागचा फणस आडवा येईल. फांद्या छाटाव्या लागतील.

मोठे काका (टोकावडे): फणसाला कोणी हात लावायचा नाही. आजोबांनी लावलेला आहे. नेट आलं नाही तरी चालेल.

मी: काका, कुणी हात लावणार नाही. छत्री घरावरच हवी असं काही नाही. खळ्याच्या कडेला, विहिरीच्या बाजूला मोकळं आहे ना? तिथे खांबावर बसते. डोंगर पूर्वेला आहे, पण तिथून बराच लांब पडतो.

वहिनी (ऐरोली): एक विचारू? पावसात काय? तिकडे जुलैत टीव्हीची छत्री सारखी "सिग्नल नाही" दाखवते. काकू मालिका सोडून रेडिओ लावून बसतात.

मी: वहिनी, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. टीव्हीची छत्री आणि ही छत्री, दोन्हींच्या लहरी साधारण एकाच पट्ट्यातल्या. जोराची सर आली की पाणी ती लहर शोषतं. इथे उपग्रह जवळ असल्यानं आणि उपकरण हुशार असल्यानं टीव्हीपेक्षा बरं टिकतं, पण माळशेजच्या पायथ्याचा पाऊस तो पाऊसच.

आणि त्याहून मोठी गोष्ट वीज. आपल्याकडे लाइट जाते ती कधी दुपारभर येत नाही. केबलवाल्याचा डबा दहा-बारा वॅट खातो. उपग्रहाची नेहमीची छत्री 75 ते 100 वॅट खाते, म्हणजे छताच्या एका पंख्याएवढी किंवा थोडी जास्त. काकांकडे इन्व्हर्टरला 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) बॅटरी आहे. एक पंखा, दोन दिवे आणि छत्री धरली तर नव्या बॅटरीवर सात तासांच्या आसपास निघतील. ती बॅटरी तर जुनी झालीये. आपण आकाशातून नेट आणू आणि ते काकांच्या भिंतीवरच्या प्लगपाशी अडेल.

काकू (टोकावडे): मला एवढं कळत नाही. मला फक्त डॉक्टरांना यांचे रिपोर्ट पाठवता आले पाहिजेत आणि तुमच्याशी बोलता आलं पाहिजे. आता मी फोन माजघराच्या खिडकीच्या गजाला टेकवून ठेवते, तिथे दोन काड्या येतात. पलीकडे सरकवला की जातात. परवा डॉक्टर बोलत होते आणि मध्येच त्यांचा आवाज गेला. गोळी सकाळची बंद करायची का रात्रीची, ते कळलंच नाही.

आत्या: अगं वहिनी, मग काय केलंस?

काकू: मुरबाडला जाऊन विचारून आलो. एसटीनं.

मी: काकू, हे आम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतंस गं.

दादा, मला मनापासून वाटतं की निवड इथून करावी. तू मे महिन्यात जाशील, आम्ही गणपतीत जाऊ. काका-काकू बारा महिने तिथे आहेत. त्यांना मोठा वेग नको. डॉक्टरांचा फोन मध्ये तुटणार नाही असं काहीतरी हवं, तेही आत्ता. उपग्रहाची सेवा सुरू होईपर्यंत त्यांना गजाला टेकवून बसवायचं का?

खिडकीपाशी दोन काड्या येतात याचा अर्थ टॉवर त्या बाजूला आहे, फक्त मध्ये झाडं आणि भिंत. मग रेंज उंचावरून घ्यायची. छपरावर पाइप उभा करून त्यावर टॉवरच्या दिशेनं तोंड केलेला अँटेना, खाली सिम घालायचा 4जी राउटर, मध्ये शक्य तेवढी कमी वायर, कारण वायर वाढली की सिग्नल गळतो. राउटर घेताना बाहेरचा अँटेना जोडायची सोय आहे का ते बघ, सगळ्यांना नसते. बाजारात "बूस्टर" म्हणून मिळतो तो आणू नकोस, विनापरवाना लावणं बेकायदा आहे आणि आजूबाजूच्यांचे फोनही बिघडवतो.

घेण्याआधी मोजून बघायचं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमची माहिती उघडली की सिग्नलचा आकडा उणे चिन्हात दिसतो. उणे 115 म्हणजे अगदी कसाबसा, उणे 95 च्या आसपास आला तर काम होतं. आधी खिडकीत बघ, मग छपरावर चढून बघ. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ने.

दादा: आणि माझं ऑफिस?

मी: अँटेनावर चांगला आकडा आला तर मीटिंग निघेल. नाहीच निघालं तर मेमध्ये थोडे दिवस मुरबाडला येऊन-जाऊन कर. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगावी नेट नेण्याच्या सरकारी योजनेची, फायबर आली आहे का, आणि तिथून घराला जोडणी मिळते का, तेही काकांनी ग्रामसेवकांना विचारावं. मिळाली तर उपग्रहापेक्षा केव्हाही चांगली आणि स्वस्त. उपग्रहाला माझा विरोध नाही. खरे दर आणि खरी सेवा आली की मीच आधी हिशोब मांडीन. जिथे टॉवरही नाही आणि फायबरही नाही, अशा पाड्यांसाठी ती मोठी गोष्ट आहे.

वहिनी: मला पटलं. चौतीस हजारांतले थोडे बॅटरीला घाला. काहीही लावलं तरी ती लागणारच.

आत्या: बॅटरी माझ्याकडून. आणि पाणी बघून भरत जा म्हणावं टोकावड्याच्या माझ्या दादाला, मागची त्यानंच वाळवली.

मोठे काका: पाणी मी भरतो. तू बॅटरी पाठव.

दादा: ठीक. पुढच्या रविवारी मी आणि छोटू येतो. छोटू, तुझं दुसऱ्या कंपनीचं सिम आहे ना, ते विसरू नकोस. काका, अँटेनाला पाइप किती फुटी आणू?

मोठे काका: आणू नको. बोअरचा जुना पाइप गोठ्यात पडलाय, वीस फुटाचा असेल. शिडी शेजारी आहे, मी मागून ठेवतो. ग्रामसेवक मंगळवारी येतात, त्यांना विचारून इथेच टाकतो.

काकू: जेवायलाच या. आणि त्या गोळ्यांची चिठ्ठी फोटो काढून टाकते, कोणीतरी नीट वाचून सांगा.