शब्दचर्चा : ‘चांगले जंतू’ म्हणावं की ‘उपकारक जिवाणू’?

मंगळवार पेठ, कोल्हापूर
पालकसभेत पोटाच्या आरोग्यावर बोलायचं आहे. आया आणि आज्याच जास्त येतात. आतड्यात राहून आपल्याला मदत करणाऱ्या बॅक्टेरियांना काय म्हणावं, इथं अडले आहे. पुस्तकात ‘जिवाणू’ आहे (‘जीवाणू’ असंही छापलेलं दिसतं), पण घरात हा शब्द कुणी बोलत नाही. ‘जंतू’ सगळ्यांना कळतो. मात्र ‘पोटातले जंतू’ म्हटलं की पहिला प्रश्न जंताच्या गोळीचा येतो. शिवाय ‘प्रोबायोटिक’ला मराठी शब्द आहे का? आणि ‘पोट’ म्हणू की ‘आतडं’?

राजारामपुरी
ताई, ‘जंतू’ टाळा. ‘जीवजंतू’मध्ये त्याचा अर्थ नुसता ‘लहान जीव’ एवढाच आहे, पण जंतुनाशक, जंतुसंसर्ग, निर्जंतुक या शब्दांनी त्याला कायमचा रोगाशी बांधून टाकलंय. त्याच्यामागं ‘चांगले’ लावलं तरी ऐकणाऱ्याच्या मनातली किळस जात नाही. ‘जिवाणू’ वापरा आणि पहिल्याच वाक्यात ओळख करून द्या : दुधाचं दही करतात ते. त्यानंतर कुणी अडत नाही. मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय, त्यावरून सांगतो.

‘चांगले’ हा शब्द मात्र मला ‘जंतू’पेक्षाही जास्त खटकतो. एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या जिवाणूचे कितीतरी प्रकार जवळजवळ प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात निवांत राहतात. तेच मूत्रमार्गात शिरले की जळजळ आणि ताप. दही लावणारा एक स्ट्रेप्टोकॉकस आहे आणि घसा धरणाराही एक स्ट्रेप्टोकॉकसच, कुळ एकच. म्हणजे चांगलं-वाईट हे कुळावरून ठरत नाही. कोणता प्रकार, कुठं आणि किती, यावर ठरतं. म्हणून ‘उपकारक’ बरा, कारण त्यात ‘आपल्यावर उपकार करणारा’ हे नातं आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना ‘सहजीवी’ही सांगा.

‘पोट’ की ‘आतडं’? पोट दुखतं, पोट बिघडतं, पोट साफ होतं, तिथं पोटच म्हणावं. पण जिवाणू कुठं राहतात हे सांगताना ‘मोठं आतडं’ असं स्पष्ट म्हणा. जठरातल्या आम्लात फार थोडे टिकतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून साधारण 200 ग्रॅम. ‘पेशींच्या दहापट जिवाणू’ हे वाक्य अजूनही भाषणांत फिरतं, ते तेवढं घेऊ नका.

कसबा बावडा
आमच्याकडं म्हशी आहेत, म्हणून सांगावंसं वाटलं. आमची आजी ‘इरजण’ म्हणायची, पुस्तकात ‘विरजण’. जिवाणू कुणी बघितले नव्हते तरी त्यांच्या कामांना आपल्याकडं वेगवेगळे शब्द आहेत. दूध विरजतं आणि दूध नासतं, ही दोन कामं निराळी. पीठ आंबतं, भाजी कुजते, फळ सडतं. अर्धवट लागलेलं दही ते अदमुरं. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसालाही ‘विरजलं’ आणि ‘नासलं’ यातला फरक सांगावा लागत नाही. मग ताईंनी ‘पोटातलं विरजण’ म्हटलं तर? सगळ्यांना एका शब्दात कळेल.

राजारामपुरी
दादा, तुमची शब्दांची मांडणी फार आवडली, ताईंनी ती सभेत जशीच्या तशी सांगावी. पण ‘पोटातलं विरजण’ मी वापरणार नाही. विरजण घातलं की ते दुधात पसरून सगळं दूध धरतं. दह्यातले जिवाणू आतड्यात तसे वस्ती करत नाहीत. बहुतेक वाटेतच मरतात, उरलेले थोड्या दिवसांत बाहेर पडतात. जाता जाता ते उपयोगी पडतात हे खरं. दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना दही चालतं, कारण दुधातली साखर फोडायला दह्यातले जिवंत जिवाणू मदत करतात. मुक्कामाला असणारे मात्र दुसरेच : बॅक्टेरॉइडिस, बिफिडोबॅक्टेरियम आणि इतर कितीतरी. बिफिडोबॅक्टेरियम 1899 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळाच्या विष्ठेतून वेगळा केला.

या मुक्कामी जिवाणूंमुळं मला दुसऱ्याच एका शब्दाची काळजी वाटते, तो म्हणजे ‘चोथा’. पुस्तकात ‘तंतुमय पदार्थ’ असतं, घरात ‘चोथा’. आणि चोथा म्हटलं की टाकून द्यायचं असंच डोक्यात येतं. आपल्या गुऱ्हाळात रस काढल्यावर चिपाड फेकत नाहीत, वाळवून त्याच काहिलीखाली जाळतात. चोथ्याचंही तसंच. जो आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून छोट्या साखळीची मेदाम्लं बनतात. त्यातल्या ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात, तेच त्यांचं मुख्य इंधन. चोथा कमी पडला तर काही जिवाणू आतड्याच्या आतला चिकट थरच खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. याशिवाय हे जिवाणू के जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं तयार करतात, आणि जागा अडवून बाहेरच्या उपद्रवी जिवाणूंना पाय रोवू देत नाहीत. सभेत एकच गोष्ट सांगायला वेळ मिळाला तर चोथ्याची सांगा. ज्वारीची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या, कांदा, लसूण. यातलं काहीही कोल्हापूरकराला नव्यानं शिकवावं लागत नाही.

शाहूपुरी
माझं औषधाचं दुकान आहे. ‘प्रोबायोटिक’ला मराठी शब्द शोधण्यापेक्षा अर्थ घट्ट धरा. 2001 सालची जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची व्याख्या अशी की सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा प्रमाणात हवेत, आणि त्यांचा घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा व्हायला हवा. यात ‘सूक्ष्मजीव’ आहे, ‘जिवाणू’ नाही. जुलाबात देतात तो सॅकरोमायसिस बुलार्डी हा जिवाणू नाहीच, ते किण्व म्हणजे यीस्ट आहे. त्यामुळं ‘प्रोबायोटिक म्हणजे उपकारक जिवाणू’ हे समीकरण बसत नाही. अँटिबायोटिकला ‘प्रतिजैविक’ रुळला, त्या चालीवर ‘अनुजैविक’ घडवता येईल, पण ते ऐकून गिऱ्हाइकाला काहीच कळणार नाही. प्रोबायोटिकच म्हणा. ‘प्रीबायोटिक’ वेगळा. तो जीव नव्हे, उपकारक सूक्ष्मजीवांचं खाद्य.

आणखी एक कळकळीनं सांगतो. प्रतिजैविकं आतड्यातले उपकारक जिवाणूही मारतात, म्हणून साध्या सर्दीला ती मागू नयेत. सर्दी विषाणूंमुळं होते, तिथं त्यांचा उपयोगच नाही. जिवाणू आणि विषाणू हा फरक सभेत जरूर सांगा. आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेला रुग्ण असेल तर प्रोबायोटिकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘उपकारक जिवाणू’ आणि ‘चोथा’ ठरलं. एक प्रश्न आज्या नक्की विचारतील : ओढ्यावरच्या यल्लम्माच्या यात्रेला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. ती आंबील प्रोबायोटिक म्हणायची का?

राजारामपुरी
नाही. ‘आंबील’ या शब्दात आंबवणं आहे, पण पीठ आंबवून शिजवलं की त्यातले जिवाणू मरतात. कढीचंही तसंच. तरी आंबवण्याचा फायदा उरतो. आंबट चव राहते आणि धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी झाल्यानं लोह अंगी लागायला मदत होते. चोथाही तसाच राहतो. शिजवलेली आंबील गार झाल्यावर वरून ताजं ताक घातलं तर त्या ताकातले जिवाणू जिवंत असतात. पण त्यांचा किती फायदा होतो हे प्रत्येक ताकाचं तपासलेलं नसतं, म्हणून तिथंही ‘जिवंत जिवाणू असलेली’ एवढंच म्हणावं. आणि यात्रा थंडीत असते, तेव्हा पीठ ताकात रात्रभर भिजवून नीट आंबत नाही. भांडं चुलीजवळ ठेवायला सांगा.