मदत हवी आहे: प्लॅस्टिकच्या मॉडेलवरचा खराब प्रायमर कसा काढू?

मंडळी, जरा अर्जंट आहे. मी रत्नागिरीचा, 28 मिमीचे प्लॅस्टिकचे शिपाई रंगवतो. परवा पाऊस थोडा उघडला म्हणून पडवीत उभा राहून स्प्रे कॅनने राखाडी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला आणि सगळी वाट लागली, आपल्याकडची श्रावणातली हवा म्हणजे नुसता दमटपणा, त्यात मी कॅनही बहुतेक लांबून धरला, त्यामुळे प्रायमर अर्धा हवेतच सुकून बसलाय. बोट फिरवलं तर रव्यासारखं खरखरीत लागतं. चेहऱ्यांवर नाक-डोळे कळत नाहीत, एकाच्या पट्ट्याचं बक्कल तर पार बुजलंय. दहा शिपाई आहेत हो, जोडायलाच दोन आठवडे गेले, टाकून द्यायचा जीव होत नाही.

थिनर आणि अ‍ॅसिटोन लावणार नाही, त्याने शिपायांचं प्लॅस्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळतं हे माहितीय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलंय, पण कॅनवर अ‍ॅक्रिलिक की लॅकर काहीच लिहिलेलं नाही, आणि लॅकर असेल तर अल्कोहोलने निघेल का? किती वेळ बुडवून ठेवू? शिपायांचे हात सुपरग्लूने चिकटवलेत, ते सुटतील का? डेटॉलमध्ये रात्रभर ठेवून टूथब्रशने घासायचं असंही ऐकलंय, फक्त लगेच पाण्याने धुतलं की चिकट राडा होतो म्हणतात, मग आधी परत डेटॉलमध्येच खळबळवायचं का? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज नीट सांगा. तोवर एकालाही हात लावत नाही.

आणि किनाऱ्यावर राहणारे पावसाळ्यात प्रायमर कसा मारता, ब्रशनेच का?